राजीनामा आला, आता काय करू?

भोसरी-चाकणकडच्या लहान कारखान्यांचे पगार आणि पीएफ मी बघते. त्यामुळे मालकांचा एक फोन ठरलेला असतो: "मॅडम, चांगला माणूस सोडून चाललाय. काय करू?" आवाजात बहुतेक वेळा राग असतो. हाताला धरून शिकवलं आणि ऐन ऑर्डरच्या तोंडावर हा निघाला! राग मला कळतो. तरी त्या दिवशी काही ठरवू नका, असंच मी सांगते. त्याला केबिनमध्ये बसवा, चहा मागवा, कधी जायचंय आणि का, ते ऐकून घ्या. राजीनामा मिळाल्याची तारखेसह पोच द्या, म्हणजे नोटिशीच्या दिवसांवरून पुढे वाद होत नाही.

पगार वाढवून थांबवू का, असंही विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, थांबवू नका. राजीनामा दिला की पगार वाढतो, ही बातमी शॉपभर व्हायला जेवणाची एक सुट्टी पुरते. वाढ द्यायचीच असेल तर जे मुकाट्याने काम करतायत त्यांना आधी द्या.

नोटिशीचे दिवस कसे वापरावेत, ते एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, बघितलं. तिथला जुना सेटर, म्हणजे मशीनवर डाय (साचा) बांधणारा, निघाला होता. कुठल्या डायखाली किती जाडीची पट्टी लागते, कुठला जॉब पावसाळ्यात त्रास देतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. मालकांनी त्याला मशीनवरून काढून शेजारी उभं केलं. हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. नवा मुलगा डाय बांधायचा, चुकला की हा सांगायचा आणि मुलगा ते वहीत लिहून घ्यायचा. अशी वही धाकदपटशाने मिळत नाही. ज्याचा शेवटचा पगार अडवून ठेवलाय, तो कशाला सांगेल?

आणि खरं दुखणं पैशातच असतं. एका मालकांनी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, चार महिने लटकवली, "येऊन मागू दे" म्हणून. तशी सोयच कायद्यात नाही. सलग पाच वर्षं भरली असतील तर कामगाराने अर्ज केला नाही तरी रक्कम काढून 30 दिवसांत देणं मालकाचं काम आहे. हिशेबही अवघड नाही. महिन्याचा शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 26,000 असेल, तर 26 ने भागून 15 ने गुणायचं. वर्षाला 15,000 आले. आठ वर्षांचे 1,20,000. एवढी रक्कम कुणाच्या घराचा हप्ता असते, कुणाच्या मुलीची फी. राहिलेल्या पगाराला तर त्याहून कमी मुदत आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, तिच्यात राजीनामा दिलेल्याचा पगारही कामाच्या दोन दिवसांत चुकता करायला सांगितलंय. 'फुल अँड फायनल (शेवटचा सगळा हिशेब) पुढच्या महिन्यात बघू' ही जुनी सवय आता सोडावीच लागेल.

पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकायला मात्र सगळेच विसरतात. मालकाने ती टाकली नाही तर कामगाराला स्वतः टाकता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून. तोवर त्याचे पैसे अडकतात. आपलं काम पाच मिनिटांचं. अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशीच हातात द्या, आणि त्याची मूळ सर्टिफिकेटं तुमच्या कपाटात असतील तर तीही. खरं तर ती तिथे असायलाच नकोत.

तो जातोय हे बाकीच्यांना मालकांनी स्वतः, सगळ्यांसमोर सांगावं. त्याने काय काम केलं तेही सांगावं. ऐकणाऱ्यांतला प्रत्येक जण मनात धरत असतो, उद्या मी निघालो तर माझ्याबद्दल काय बोलतील.

काही दिवसांनी नव्या कंपनीतून चौकशीचा फोन येतो. कधीपासून कधीपर्यंत होता, काय काम करायचा, तेवढं खरं सांगा. राग अजून गेला नसेल तर तो फोन माझ्याकडे द्या, मी बोलेन.