पहिल्या जहाजावर रुजू होताना

डेक कॅडेट (जहाजावरची शिकाऊ अधिकारी) म्हणून पहिलं जहाज ठरलं, पण घरातून निघायची तारीख काही केल्या ठरेना. जहाज बंदराला कधी लागणार हे हवामानावर आणि मालाच्या चढउतारावर अवलंबून. जॉइनिंग आज होतंय, परवा होतंय असं लांबत राहिलं आणि एका दुपारी थेट विमानाचं तिकीटच आलं. जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, बॅग आधीच भरून ठेवा.

कागदपत्रांत पासपोर्ट, सीमन्स बुक (खलाशाचं ओळखपुस्तक), एसटीसीडब्ल्यूची म्हणजे जहाजावरच्या कामाच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आणि मेडिकल हवंच. यलो फीव्हरची लस मात्र लोक शेवटी ढकलतात, तसं करू नका. पहिल्यांदा घेतल्यावर तिचं प्रमाणपत्र 10 दिवसांनी ग्राह्य होतं. (2016 पासून ते आयुष्यभर चालतं, ही चांगली सोय झाली.) आणि सही करण्याआधी करार शांतपणे वाचा. एमएलसी 2006 या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कुठल्याही 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती हा आपला हक्क आहे. पगारातला काही भाग परस्पर घरी पाठवायची सोयही त्यातच आहे. मी ती पहिल्याच महिन्यापासून लावून घेतली.

माझ्या मते खरी तयारी घरच्यांची करावी लागते. आईने जहाजाचा ठावठिकाणा दाखवणारं ॲप फोनमध्ये घेतलं होतं. तिच्यासोबत बसून मी एक गोष्ट नीट समजावली: जहाजाची ओळख आणि जागा सांगणारा एआयएस सिग्नल व्हीएचएफ रेडिओवर जातो, किनाऱ्यावरचे अँटेना तो साधारण 40-50 सागरी मैलांपर्यंतच पकडतात. पुढे भर समुद्रात, उपग्रहाची जोड नसेल तर, नकाशावरचं जहाज तिथेच थांबलेलं दिसतं किंवा दिसेनासं होतं. त्याचा अर्थ काही वाईट घडलंय असा नाही. जहाजावर इंटरनेट असलं तरी ते मोजकं मिळतं, शिवाय पूर्वेला-पश्चिमेला जाताना दर 15 अंश रेखांशाला घड्याळ तासाने सरकतं. म्हणून रोज फोन करण्याचं वचन मी दिलंच नाही. बंदर सोडताना एक निरोप आणि पुढचं बंदर आलं की एक फोन, एवढंच ठरवलं. अडीअडचणीला कंपनीत कोणाला फोन करायचा तो नंबर बाबांनी भिंतीवर लिहून लावला. निघताना आई रडली, मीही रडले. पण तिच्या मनातली ती एक भीती तरी आम्ही बोलून बाजूला केली होती.

जहाज धक्क्याला नव्हतं, अँकरेजला, म्हणजे नांगर टाकून पाण्यात उभं होतं. लाँचमधून (छोट्या बोटीतून) जवळ गेल्यावर ते केवढं उंच आहे ते कळलं. वर जायला पायलट लॅडर, म्हणजे दोन्ही बाजूंना दोर आणि मध्ये लाकडी पायऱ्या. चढ 9 मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती ती चालत नाही, सोबत तिरका जिनाही जोडावा लागतो. बॅगा दोराने वेगळ्या ओढून घेतल्या. हात मोकळेच हवेत. लाटेबरोबर लाँच वर येते आणि क्षणभर थबकते, तेव्हाच शिडी धरायची. खाली जात असताना धरली तर पुढच्या लाटेला लाँच वर येऊन पाय चिरडू शकते. हात पायऱ्यांवर नाही, बाजूच्या दोरांवर ठेवायचे, म्हणजे पायरी निसटली तरी पकड सुटत नाही. वरून बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) एकच सांगत होता, "खाली बघू नकोस, थांबू नकोस." डेकवर पाय ठेवल्यावर हात थरथरत होते, तरी आनंद मावत नव्हता.

मग साइन ऑन, म्हणजे जहाजावर रीतसर नोंद. कॅप्टनने कागदपत्रं तपासून ठेवून घेतली आणि माझं नाव क्रू लिस्टमध्ये चढलं. केबिनमध्ये सामान टाकायच्या आधीच थर्ड ऑफिसरने मस्टर स्टेशन (संकटात जमायची जागा), माझी लाइफबोट आणि इमर्शन सूट (थंड पाण्यात जीव वाचवणारा पोशाख) दाखवला. सात छोटे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा ऐकला की काय करायचं, ते माझ्याकडून वदवून घेतलं. ही घाई मला फार आवडली. इथे माणसाच्या जिवाला किती किंमत आहे ते त्यावरून कळलं.

नांगर त्याच रात्री उचलला. घरी ठरलेला निरोप धाडला आणि झोपले, कारण चीफ ऑफिसरबरोबर माझी 4 ते 8 ची वॉच (पहाऱ्याची पाळी) लागली होती.