स्वच्छ चित्रातली चूक

अलास्कातील केनाई नदीला हिमनद्यांचे पाणी येते आणि त्यातील बारीक गाळामुळे पाण्यातले मासे नीट दिसत नाहीत; म्हणून समुद्रातून अंडी घालायला परतणारे सॉकाय सामन मासे आम्ही सोनारने, म्हणजे पाण्यात ध्वनीचा झोत सोडून प्रतिध्वनीवरून चित्र उमटवणाऱ्या यंत्राने, मोजतो. (सामन म्हणजे आपला रावस नव्हे, हे नातेवाइकांना सांगून मी थकलो आहे.) दर तासातील 10 मिनिटांचे चित्रण पाहायचे, वर चढलेल्यांतून खाली गेलेले वजा करायचे आणि उरलेल्यांना 6 ने गुणायचे, एवढेच रोजचे काम.

खरे कसब आहे ते सोनारचा नेम धरण्यात. सॉकाय प्रवाहाचा जोर चुकवीत काठालगत, तळाला धरून चढतात. त्यामुळे झोताची खालची कड तळाला घासून जायला हवी. तशी गेली की पडद्यावर तळातले गोटे पुसट पण सलग दिसतात आणि त्यांच्यावरून मासा व त्याच्यामागची लांबट काळी सावली सरकत जाते. नेम दोनच अंश वर चढला, तर 10 मीटरवर तळाशी सुमारे 35 सेंमीची फट पडते आणि तिच्यातून अख्खा सॉकाय बिनबोभाट निघून जातो.

जुलैतील एका रात्री आमचे आकडे एकाएकी कोसळले. पाळीवरच्या सहकाऱ्याने वहीत ‘मासे थांबले’ असे लिहून टाकले. संशय घेण्यापेक्षा निष्कर्ष काढणे त्याला नेहमीच सोपे जाते. सकाळी ते चित्रण पाहून मी तरी काय केले? चित्र किती स्वच्छ आले आहे, असे कौतुकच केले. गोटे दिसत नाहीत, हे ध्यानातच आले नाही. माशांची जात आणि वय ठरवण्यासाठी नदीत जे मासे पकडण्याचे चाक फिरते, त्याची टाकी मात्र सॉकायने भरली होती, आणि ते कळल्यावरच मी पाण्यात उतरलो. सोनार ज्या तिवईवर बसवला होता, तिच्या एका पायाला ओल्या सालीचा तुकडा चिकटला होता. वाहत आलेला ओंडका तिला धडकून गेला असावा. नेमाचा कोन पडद्याच्या कोपऱ्यात रात्रभर दिसत होता, पण तो कोणीच वाचला नव्हता.

हुकलेल्या सात तासांच्या जागी आम्ही आधीच्या आणि नंतरच्या तासांची सरासरी भरली. याच रोजच्या आकड्यांवरून मासेमारी खुली ठेवायची की बंद करायची, हे ठरते. अशा आकड्यांपुढे निदान एक फुली असावी, असे मी सुचवले, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “तक्ता गिचमिड दिसतो.”