खांदा गेला!

उत्तरायण (म्हणजे संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण असे पतंगांचे दोन दिवस पार पडले, की १६ जानेवारीला आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात ज्याला त्याला विचारावं, 'खांदा गेला' हेच उत्तर. गच्चीवर दिवसभर मांजा ओढायचा, मान वर करून पेच लढवायचे, मधेच उंधियू-जिलेबी. दुसरं काय होणार? पण खांदा गेला म्हणणारी माणसं हात कुठे ठेवतात, ते बघायचा मला नाद आहे. लेक फिजिओथेरपिस्ट असल्याचा परिणाम.

शेजारचे काका दंडाच्या बाहेरच्या अंगाला हात ठेवतात. सदरा घालताना कळ येते, त्या कुशीवर झोपवत नाही. हात बाजूनं वर नेताना ६० ते १२० अंशांच्या टापूत दुखतं, पुढे पुन्हा बरं. हे अस्सल खांद्याचं. दुसऱ्यानं धरून उचलला तरी हात वर जाईना, तर फ्रोझन शोल्डरची, म्हणजे सांधाच आखडल्याची, शंका घ्यावी. तो चाळीस ते साठ या वयात आणि मधुमेहींना जास्त होतो. (त्याचं खापर पतंगावर फोडू नये.)

मामींचा हात मात्र मान आणि खांद्यामधल्या उतारावर, तिथून मागे फऱ्याकडे. "अगं, खांदाच धरलाय!" म्हणतात आणि तोच हात खुशाल डोक्यावर ठेवतात, तसं केलं की बरं वाटतं म्हणे. वाटणारच, मानेत दबलेल्या नसेवरचा ताण हलका होतो ना! त्यांनी दोन्ही दिवस फक्त फिरकी धरली, पण बघत होत्या आभाळातच. मान मागे कलली की नसा बाहेर पडायच्या मणक्यांमधल्या फटी अरुंद होतात. मग कळ कोपराखाली उतरते, बोटांना मुंग्या येतात. खांद्याचं दुखणं सहसा कोपर ओलांडत नाही. मानेचे मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ, हा हिशेब मला फार आवडतो. सहावी अंगठ्याकडे जाते, सातवी मधल्या बोटाकडे, आठवी करंगळीकडे. पाचवी खांद्यापाशीच घुटमळते आणि सगळा घोळ घालते. कधी दोन्ही दुखणी एकत्रही नांदतात, तेव्हा लेकीलाही तपासायला वेळ लागतो.

डाव्या खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर मात्र हा खेळ नाही, तडक दवाखाना.

मामींना मानेचं सांगून पाहिलं. "मान ठणठणीत आहे माझी," म्हणाल्या, आणि काकांची शेकायची पिशवी खांद्यासाठी मागून घेऊन गेल्या.