सात नंबरची जन्मतारीख

मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कूलला शारीरिक शिक्षण शिकवतो. गावाचं, पोरीचं नाव लिहीत नाही, तिला सात नंबरच म्हणतो, जर्सीवर तोच नंबर होता. गोष्ट मागच्या वर्षीची, जिल्हास्तर खो-खोची, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो.

बाहेरच्या लोकांना वाटतं पीटीचे सर म्हणजे शिट्टी आणि मार्च पास्ट. खरं काम ऑगस्टपासून सुरू होतं आणि त्यातलं अर्धं कागदाचं. ऑनलाईन नोंदणी, बोनाफाईड, आधार, जनरल रजिस्टरचा उतारा, मुख्याध्यापकांची सही असलेलं फोटोचं ओळखपत्र. वयोगट तीन, १४, १७ आणि १९ वर्षांखालील, आणि सगळा कारभार कटऑफ तारखेवर. २०२४-२५ ला चौदाखालच्या गटात १ जानेवारी २०११ किंवा त्यानंतर जन्मलेलं पोरगं चालायचं, सतराखालच्या गटात १ जानेवारी २००८ किंवा नंतरचं. सात नंबर नववीत, रजिस्टरला तारीख १ जून २०१०. म्हणजे सात महिन्यांनी चौदाच्या बाहेर, सरळ सतराच्या संघात.

१ जूनचं आमच्याकडच्या कुणाला वेगळं सांगायला नको. माझ्या हजेरीत वर्गागणिक १ जूनवाले दिसतात. आईबापाला तारीख सांगता आली नाही की पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण बसतील असं साल धरून गुरुजी १ जून टाकून मोकळे.

आता पोरीच्या खेळाबद्दल सांगतो, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंगानं इवलीशी, सतराच्या संघात उभी केली की बाकीच्या पोरींच्या खांद्याला लागायची. पण खांबावरचा तिचा सूर बघण्यासारखा. खो-खोत आक्रमकाला एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही, बसलेल्या गड्यांची मधली पाटी ओलांडता येत नाही, त्यामुळं संरक्षक हुलकावणी देऊन पलीकडं गेला की खो द्यावा लागतो नाहीतर खांबापर्यंत जावं लागतं. खांबाजवळच खरी गंमत. खांब १२० ते १२५ सेंटिमीटर उंच, एका हातानं तो धरायचा, पाय खांबाच्या बुडाला रोवायचा आणि अख्खं अंग जमिनीला आडवं सोडून दुसऱ्या हातानं गडी टिपायचा. बहुतेक पोरी हात आधी फेकतात आणि अंग मागून येतं, तिथंच वीतभर कमी पडतं. ही पोरगी आधी कंबर सोडायची, छाती वर, नजर गड्याच्या पाठीवर, आणि डाव्या हातानंही तेवढंच सहज. डाव्या हाताचं मी तिला शिकवलेलं नाही. मॅट आमच्याकडं नाही, मुरमाड मैदान आहे, कोपरं सोलून निघायची, दुसऱ्या दिवशी परत तेच. चारच्या तासाला गणिताचे सर पोरं मागायला आले तर मी देत नाही. आपल्याकडं नववी-दहावीत आमचा विषय श्रेणीचा, म्हणून त्याचा तास म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा अशी रीतच पडलीय आणि तिला मुख्याध्यापकही हसून मान्यता देतात. चूक आहे ते.

तर जिल्हास्तराचा सामना. शेजारच्या मैदानावर चौदाखालच्या मुलींचे सामने चालू होते आणि त्यातल्या एका संघात दोन-तीन पोरी सरळ सरळ मोठ्या दिसत होत्या. कागद मात्र चोख, टेबलावर पास. आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे ते. वय चोरणं इतकं मुरलंय की क्रिकेट बोर्ड सोळाखालच्या पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढून वय ठरवतं. शालेय स्पर्धेत टेबलावर बसलेला माणूस कागदापलीकडं काय बघणार, त्याला मी दोष देत नाही. दोष आहे तो दाखले करून आणणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंचा, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय.

सात नंबरला मी दुसऱ्या डावात उतरवली. खांबावर एक गडी सुंदर टिपला, पुढच्याच खोला समोरची थोराड पोरगी वळताना तिच्यावर आदळली आणि ही बाजूला फेकली गेली, खांदा धरून बसली. बाहेर आणून बर्फ लावला, हात फिरवून बघितला, हाड शाबूत होतं. तिची आई सामना बघायला आली होती, चार-पाच आठवड्यांत टोळी ऊसतोडीला निघणार म्हणून लेकीचा खेळ बघून घ्यावा असं तिला वाटलेलं. ती धावत आली आणि माझ्यावरच तापली.

"सर, एवढ्या मोठाल्या पोरीत माझी लेक घालता व्हय? तेरावं सरलं न्हाई अजून तिचं."

मी म्हटलं, "ताई, रजिस्टरला दोन हजार दहा आहे, चौदा पूर्ण झालीत तिला."

"कुणी सांगितलं? दुष्काळात जनावरं छावणीला व्हती तव्हा ही रांगत बी न्हवती नीट. त्याच्या आदल्या सालच्या पट्ट्यात झाली, फडात, कोपीवर. संक्रांत झाली आन चवथ्या दिशी. कारखाना चालू व्हता, मी तिसऱ्या आठवड्यात परत मोळ्या बांधाय लागले."

मी गप्प झालो आणि तिथंच बाकावर हिशोब मांडला. पट्टा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची झोपडी. मराठवाड्यातला तो मोठा दुष्काळ २०१२ चा. त्याआधीची संक्रांत १५ जानेवारी २०१२. म्हणजे पोरगी १८-१९ जानेवारी २०१२ च्या आसपास जन्मलेली. बाकी काही सोडलं तरी कारखाना चालू असताना जन्मलेल्या पोरीचा वाढदिवस १ जूनला असूच शकत नाही, जूनमध्ये गाळप नसतं आणि टोळ्या कधीच्या गावी परतलेल्या असतात. शाळेचं विचारलं तर थोरला भाऊ २०१६ ला पहिलीत गेला, ही त्याच्या मागं रडायची, खिचडीही मिळायची, गुरुजींनी दोघांनाही बसवलं. साडेचार वर्षांच्या पोरीचं साल मागं ओढून सहा पूर्ण केलं. गुरुजींनी वाईट हेतूनं केलं नसणार, पोरगी शाळेत राहिली ती त्यामुळंच.

म्हणजे शेजारच्या मैदानावर खोट्या कागदावर मोठ्या पोरी लहान होऊन खेळत होत्या, आणि माझी खरी लहान पोरगी खोट्या कागदामुळं मोठ्यांत मार खात होती. आणि चौदाचा गट तिला त्या वर्षीच नाही तर यंदा २०२५-२६ लासुद्धा बसत होता, कारण यंदाची तारीख १ जानेवारी २०१२.

सामना आम्ही हरलो. एका ओळखीच्या प्रशिक्षकानं तिथंच कानात सांगितलं की दाखला करून मिळतो, माणूस आहे, आधार त्यावरून बदलून घ्या. खरी तारीख सिद्ध करायला खोटा दाखला मी आणणार नाही, त्याला तसं सांगितलं.

मग रीतसर मागं लागलो. ग्रामसेवक म्हणाले, जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, आमच्या गावात नाही. जन्म सांगलीकडच्या कुठल्या तरी शिवारात, आईला गावाचं नाव आठवत नाही, नदी आणि एक पांढरं देऊळ आठवतं. वर्षापेक्षा जास्त उशिराची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही, आदेशाला पुरावा लागतो. लसीची चिठ्ठी कोपीत पावसात गेली. ज्या शाळेत पहिली झाली तिथले गुरुजी रिटायर. रजिस्टरमधली तारीख दुरुस्त करायची तर पोरगी शाळेत आहे तोवरच, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. आमचे क्लार्क म्हणतात, सर कशाला नसतं झंगट, दोन मॅचसाठी?

मलाही आधी दोन मॅचचाच प्रश्न वाटत होता. मग दिवाळीनंतर वर्गातली एक मुलगी शाळेत येईना झाली, चौकशी केली तर लग्न. आमच्या भागात ऊसतोडीची उचल, म्हणजे मुकादमानं दिलेली आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळं पोरगी वयात आली की घरात हिशोब सुरू होतात. त्या रात्री मी सात नंबरचा हिशोब परत केला. कागदावर ती १ जून २०२८ ला अठराची होणार. खरी अठराची होणार जानेवारी २०३० मध्ये. मधल्या दीड वर्षात कुणी तिचं लग्न लावलं तर बालविवाह म्हणून मी कुणाला फोन करू? सरकारी कागदच सांगणार की पोरगी सज्ञान आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "सर, ते साल दुरुस्त करा. कितीबी खेटे पडू द्या."

यंदाही ती सतराच्याच संघात खेळली, उंची थोडी वाढलीय, खांबावरचा सूर अजून लांब जातो. आता दहावीत आहे. बोर्डाच्या फॉर्मवर १ जून २०१० लागू नये आणि ती शाळेतून बाहेर पडायच्या आत काम व्हावं, एवढ्यासाठी मी धावतोय. तेव्हा फडात आईचं बाळंतपण करणारी बाई आता दुसऱ्या टोळीत आहे, टोळीच्या मुकादमानं त्या बाईच्या गावाचं नाव दिलंय. तिचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर अर्जाला काही आधार होईल, शिवाय त्या शिवाराचं नाव तिला आठवत असेल. रविवारी आईला घेऊन तिकडं जायचं ठरलंय, दिवाळीनंतर ती टोळीही निघून जाईल.