तीर्थनच्या पाण्यातले ऋतू

हिमाचलातील तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे गळाला कृत्रिम माशी लावून करायच्या मासेमारीसाठी, जाताना मी तारखेपेक्षा पाण्याचा रंग अधिक पाहतो. मार्च-एप्रिलमध्ये पाणी स्वच्छ व थंडगार असते आणि दगडांखाली वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्यांवर ट्राउट मासे ताव मारत असल्याने, पिसे व दोरा गुंडाळून केलेली तशीच कृत्रिम माशी तळालगत वाहू द्यावी लागते. या माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते; तिला दूर नेते ते जाड दोरीचे वजन, म्हणूनच घाईने फेकलेली दोरी पाण्यावर आपटते आणि मासा दगडाआड पळतो.

मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, पुढे पावसाने गढूळ होते. खरा आनंद सप्टेंबर-ऑक्टोबरचा! पाणी निवळते आणि ब्राउन ट्राउट, म्हणजे इंग्रजांनी येथे आणून सोडलेला मासा, विणीच्या तयारीला लागतो. हिवाळ्यात मादी तळातल्या खड्यांत खळगा करून अंडी घालते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीवर असलेली बंदी मला म्हणूनच अत्यंत योग्य वाटते. एरवीही मी उलटा काटा नसलेला गळ वापरतो आणि हात ओले करून मासा पाण्यातच सोडवतो, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून त्याला बुरशीची लागण होऊ शकते.