शेवटचा भाग शिल्लक

परवा दुपारी जेवण अंमळ जास्त झालं म्हणून दिवाणावर आडवा झालो होतो. लेक माझा मोबाइल घेऊन बसली होती, तिचा चार्जिंगला. मध्येच म्हणाली, "पप्पा, हे काय ओ?"

ह्या 'ओ'चा सूर मला पाठ आहे. डोळे उघडले. तिनं स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. ॲपमध्ये अर्धवट सोडलेल्या मालिकांची एक ओळ असते ना, तिथं नऊ मालिका रांगेत उभ्या होत्या. मराठी, हिंदी, एक कोरियन (ती बायकोची, असं मी सांगतो).

"सगळ्यांचा एकच भाग राहिलाय. शेवटचा."

"झोप लागली असेल."

"नऊ वेळा?"

मी कूस बदलली. पण झोप कुठली लागतेय! चोरी पकडली गेली होती. मला शेवटचा भाग बघवत नाही, हे खरं आहे. बाकी कुठल्याच गोष्टीत माझं असं होत नाही. पांढऱ्या रश्श्याची वाटी मी तळ दिसेपर्यंत सोडत नाही, आणि लग्नाच्या पंक्तीतून मठ्ठा आल्याशिवाय उठत नाही. मालिका मात्र शेवटाला आली की हात आखडतो.

ह्याला कारण आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराची कौलं असावीत. आख्ख्या वाड्यात एकच टीव्ही, तोही आत्तीच्या खोलीत. लाकडी पेटीतला, पुढं सरकतं शटर, शटरला कुलूप, किल्ली आत्तीच्या कमरेला. रविवारी सकाळी साडेनऊला रामायण. त्याआधी टीव्हीला हार, पुढं उदबत्ती, आणि चपला पार चौकात काढायच्या. खोलीत वीस-पंचवीस माणसं. त्यात मी नसायचो. मी कौलांवर असायचो. पोरांत सगळ्यात हलका मी, कौल फुटायची भीती नाही, म्हणून अँटेनाचं खातं माझ्याकडं. पाइप धरून उभं राहायचं. खालून चुलतभाऊ ओरडणार, "आलं! आलं! हां... गेलं. मुंग्या आल्या!" की पाइप बोटभर पन्हाळ्याच्या अंगाला फिरवायचा. एकदा चित्र नीट आलं की तसंच धरून ठेवायचं, कारण हात सोडला की पुन्हा मुंग्या.

तेव्हा रामायण मी ऐकलं. आणि त्यात निम्मं रामायण आत्तीचं होतं. आत्ती टीव्ही बघायची म्हणजे टीव्हीशी बोलायची. कैकेयी वर मागत होती तेव्हा आत्ती दशरथावर ओरडली होती, "उठ की तिथनं! कशाला ऐकत बसलाईस तिचं!" सुवर्णमृगाच्या वेळी सीतेला, "आमच्यातली असती तर म्हणाली असती, हरणाचं काय करायचंय?" आणि रावण पडला तेव्हा खाली टाळ्या वाजल्या, पण टाळ्या थांबल्यावर तिचा आवाज आला, "वाईट झालं बघ. शिकला-सवरलेला माणूस." त्या वाक्यावर खोलीतलं कुणीच काही बोललं नव्हतं.

31 जुलै 1988, रविवार, शेवटचा भाग. आषाढातला पाऊस. कोल्हापूरचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कपडे आठवडाभर वाळत नाहीत, वाळले तरी कुबट वास जात नाही. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मी वर. कौलांवर शेवाळ, पायाखाली घसरतंय, पाइप बर्फासारखा. कौलांच्या फटींतून शंख ऐकू आला, मंत्र ऐकू आले, मग बायकांचं मुसमुसणं. आत्ती म्हणाली, "लागली बाई एकदाची घरची वाट." मग नुसतीच गडबड. सगळे डोळे पुसण्यात आणि प्रसाद वाटण्यात गुंतले, मला खाली बोलवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मीही पाइप सोडला नाही. न जाणो, अजून काही दाखवत असतील. पुढचा कार्यक्रम लागून बराच वेळ झाला तेव्हा चुलतभाऊ बाहेर आला, वर बघितलं आणि म्हणाला, "आरं, संपलं की!"

प्रसादाची बर्फीही संपली होती. ते जास्त लागलं.

पुढं कुठंतरी वाचलं की रामायण राज्याभिषेकावर थांबलं म्हणून तिकडं जालंधरला सफाई कामगारांनी संप केला. त्यांना वाल्मीकींच्या आश्रमातली, लव-कुशाची गोष्ट बघायची होती, आणि ती तर राज्याभिषेकानंतरची. शेवटी उत्तर रामायण काढावंच लागलं. ज्यांना शेवट पटला नाही म्हणून हातातला झाडू खाली ठेवावासा वाटला, ती माणसं मला उगाचच नात्यातली वाटतात. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि दूरदर्शननं रामायण पुन्हा दाखवायला घेतलं. राज्याभिषेकाच्या दिवशी लेक खालून हाका मारत होती, पप्पा या, लागलंय. मी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलो होतो. टाकी भरलेली होती.

आता मराठी मालिकांचे शेवट म्हणाल तर बघण्यासारखं काय असतं? त्याच वेळेला नव्या मालिकेची जाहिरात सुरू झाली की समजायचं, हिचा गाशा गुंडाळला जाणार. मग आठ दिवस नुसती पळापळ. तीन वर्षं जिनं दुधात काहीबाही कालवलं, कागदांवर खोट्या सह्या केल्या, ती बाई शुक्रवारी पोलिसांच्या गाडीत बसते. नाहीतर त्याहून वाईट, हात जोडते आणि सगळे तिला माफ करतात. हरवलेला मुलगा दारात येतो. शनिवारी सगळ्यांना नव्या साड्या, नवे कुर्ते, दिवाणखान्यात फोटोला उभं राहावं तसे ओळीत, आणि संपलं. आमच्या गल्लीत ह्याला एकच शब्द आहे: गुंडाळली. "कालचा भाग बघितलास?" "बघितला. गुंडाळली." 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली आणि 2013 पर्यंत, तीन हजारांवर भाग चालली. चार दिवसांचा एवढा हिशेब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही जमला नसता.

'तुझ्यात जीव रंगला'चं मात्र वेगळं होतं. ती घरचीच. वसगड्याचा तो वाडा, पैलवान नायक आणि त्याचं 'चालतंय की'. ऑक्टोबर 2016 पासून पुढची चार वर्षं आमच्याकडं पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा झाल्यावर हळूच विचारायचा, "तो राणादाचा वाडा लांब आहे का हो?" आणि आम्ही, ज्यांनी चहाच्या टपरीवर त्या मालिकेतल्या बोलीची, कुस्तीच्या डावांची, तांबड्या मातीच्या रंगाची चिरफाड केलेली असायची, तेच गाडी काढून त्याला घेऊन जायचो. चुका काढायचा हक्क आमचा, पाहुण्याचा नव्हे. कोल्हापूरला सिनेमाचं गाव म्हणतात ते जयप्रभा स्टुडिओमुळं असेलही. मला वाटतं, इथं दर दुसऱ्या माणसाला 'हे असं नाही, असं घ्यायला पाहिजे होतं' हे कळतं, म्हणून असेल.

त्या मालिकेत राणादा मेला असं दाखवलं तेव्हा गल्लीत दोन दिवस वाद पेटला. आत्ती तेवढी शांत होती. "पैलवान हाय. असा मरतोय व्हय?" आणि आला की परत, दुसरं नाव घेऊन! जानेवारी 2021 ला मालिका संपली. मी शेवटचा भाग अर्थातच बघितला नाही. डिसेंबर 2022 मध्ये राणा आणि अंजलीची कामं केलेल्या दोघांनी पुण्यात खरंच लग्न केलं. आत्तीला फोटो दाखवला. तिनं चष्मा कपाळावर घेऊन नीट बघितला आणि म्हणाली, "ह्यांचं तर झालंय की मागंच." पुन्हा एकदा झालं म्हटल्यावर तिला काही वावगं वाटलं नाही. अहेर किती करायचा असतो, एवढंच तिनं विचारलं.

तिनंही एक शेवट सोडला होता, हे मला लिहिता लिहिता आठवलं. 'स्वराज्यरक्षक संभाजी'. सप्टेंबर 2017 पासून तिनं एक भाग चुकवला नव्हता. जेवणं त्याच्या आधी उरकायची, भांडी नंतर घासायची. फेब्रुवारी 2020 मध्ये गोष्ट संगमेश्वरला पोचली. त्या रात्री ती भाग अर्धा असतानाच उठली. मी म्हटलं, आत्ती, अजून आहे. म्हणाली, "ठावं हाय मला पुढचं. बसून बघायची गोष्ट हाय का ती? मी झोपतो." आणि दिवा मालवला. पुढचे सगळे दिवस त्या वेळेला आमचा टीव्ही बंद होता. समोरच्यांचा चालू असायचा, तर त्यांनी आवाज बारीक केला होता.

लेकीला ह्यातलं काही सांगितलं नाही. तिनं मला सुधारायचं मनावर घेतलं होतं. शेवट काय असतो ते दाखवतो म्हणून 'द सोप्रानोज' ह्या गुंडांच्या टोळीवरच्या अमेरिकन मालिकेचं शेवटचं दृश्य लावलं. (आमच्याकडं मुलीही 'दाखवतो' म्हणतात, मालिकांतल्या मुली म्हणत नाहीत.) तो जाडा माणूस हॉटेलात बसलाय, बायको येते, मुलगा येतो, बाहेर मुलगी गाडी लावतेय, दार उघडतं, तो मान वर करतो आणि पडदा काळा. मी सवयीनं मोबाइलवर दोन चापट्या मारल्या. लेक खो खो हसली. जून 2007 मध्ये अमेरिकेतल्या लोकांनाही म्हणे केबलच गेली असं वाटलं होतं. त्या शेवटावर तिकडं अजून वाद घालतात, मेला की जगला. मी काय बोलणार? 2007 मध्ये आमच्याकडं लोडशेडिंग होतं. असले शेवट आम्ही आठवड्याला तीन बघत होतो, आणि वाद न घालता मेणबत्ती शोधत होतो.

"मग लावू का आता एखादा? नवातला कुठलाही सांगा."

"राहू दे. दूध आणायचंय."

खरी अडचण तिला सांगितली असती तर तिनं माझ्या नावानं शंख केला असता. आत्ती गेल्या जूनपासून कागलला, धाकट्या चुलतभावाकडं आहे. नातवाचं दहावीचं वर्ष म्हणून त्यांनी केबल काढून टाकलीय. मग रोज रात्री साडेनऊला ती मला फोन करते आणि मी तिला तिच्या मालिकेचा त्या दिवशीचा भाग सांगतो. कोण दाराआड उभं होतं, कोण काय म्हणालं, साडी कुठली होती. साडी सांगितल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. मध्ये मध्ये तिचं चालूच असतं, "मग तिनं एक मुस्काटात नाही मारली?"

ती मालिका तीन आठवड्यांपूर्वी संपली. शनिवारी नव्या साड्या नेसून सगळे ओळीत उभे राहिले म्हणे. मी बघितलं नाही, त्यामुळं सांगताही येईना. सोमवारी साडेनऊला फोन वाजला, ती म्हणाली, "हां, बोल," आणि मी बोललो.

तेव्हापासून बोलतोय. थोरलीला माहेरी पाठवली, परत आणली. एकदा विहीर आटवली. परवा धाकट्या दिराला साखर कारखान्यात चिकटवला. कागलात शेजारीपाजारी टीव्ही असणारच, कुणी ना कुणी तिला सांगितलंही असेल. ती काही बोलत नाही. काल एवढंच म्हणाली, "नोकरी लागली न्हवं? आता त्या पोराचं लगीन कर बाबा लौकर."

नऊ वाजत आलेत. मुलगी कुठली बघावी, गडहिंग्लजची चालेल का, ते अजून ठरलेलं नाही. साडीचा रंगही.