गोंयच्या सायबाकडे पायी जाताना

नोव्हेंबर सरत आला की आमच्या सिंधुदुर्गातून जुन्या गोव्याकडे पायी यात्रा निघतात. 24 नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होतो आणि 3 डिसेंबरला सोळाव्या शतकातला धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर याचे फेस्त, म्हणजे सण, असते. त्याआधी पोहोचावे अशा बेताने आम्ही सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल आणि म्हापसा अशी वाट धरतो. पहाटेच्या गारव्यात जमेल तेवढे अंतर तोडायचे आणि ऊन चढले की मांडव दिसेल तिथे पाय पसरायचे, असा शिरस्ता असतो. रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, चालता चालताच होते, कारण बसून म्हणायला घेतली तर दुसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे तिच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, निम्मी मंडळी पेंगू लागतात. लिझ्यूच्या संत तेरेझालाही प्रार्थनेत झोप लागत असे आणि झोपलेले लेकरूही आईबापांना जागे असताना असते तितकेच लाडके असते, अशी ती स्वतःची समजूत घालीत असे, हे एकदा सांगितल्यापासून पेंगणाऱ्यांना कोणी बोलत नाही.

कोलवाळच्या अलीकडे आम्ही थांबलो होतो. आमच्याबरोबरच्या एक मावशी टाचेवरच्या फोडात सुईने दोरा ओवून पाणी काढत होत्या आणि मघाशी अंगाला घासून गेलेल्या ट्रकवाल्याला मनापासून शिव्या देत होत्या. यात्रेत असे बोलावे लागते याची त्यांना खंतही वाटत होती. त्यांना मी झेवियरचा सोबती आणि जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याची गोष्ट सांगितली. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. तो जुळला, पण गुडघ्याखाली हाड वर आले, आणि घट्ट बूट घालता येणार नाहीत एवढ्याच कारणासाठी त्याने ते हाड कापून घेतले. पुढे मन पालटल्यावर मोंसेरातच्या यात्रेला जाताना वाटेत त्याची एका मूर, म्हणजे मुसलमान, प्रवाशाशी मरियेच्या कौमार्यावरून वादावादी झाली. मूर पुढे निघून गेला, आणि त्याला गाठून सुऱ्याने भोसकावे की काय, याचा निर्णय होईना म्हणून इग्नेशियसने फाट्यावर आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर दुसऱ्या वाटेने गेले म्हणून एक खून टळला. ही हकिगत कोणा विरोधकाने पसरवलेली नाही. म्हातारपणी त्याने ती स्वतःच सांगून लिहवून घेतली, आणि माझ्या लेखी त्याच्या संतपणाचा मोठा भाग या सांगण्यातच आहे.

“म्हणजे सायबाक पण राग येय होतो?” मावशींनी विचारले. गोंयचो सायब म्हणजे झेवियर. त्यांना इग्नेशियसशी फारसे देणेघेणे नव्हते. झेवियरला राग येत असे, आणि चांगलाच. नावारच्या सरदार घराण्यातला हा मुलगा पॅरिसला शिकायला गेला तो मानमरातब मिळवण्यासाठी, आणि एकाच खोलीत राहणाऱ्या लंगड्या इग्नेशियसचे त्याच्यापुढे बराच काळ काही चालले नाही. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचे अत्याचार पाहून जगण्याचा कंटाळा आल्याचे त्याने 1544 मध्ये पत्रात लिहिले. 1552 मध्ये मलाक्का या पोर्तुगीज बंदराच्या कप्तानाने चीनची वाट अडवली तेव्हा त्याला धर्मबहिष्कृत करावे, अशी मागणी करूनच तो पुढे निघाला. व्यासपीठावरून ऐकू येणाऱ्या झेवियरमध्ये हे काही नसते. तो जन्मतःच तेजोवलय घेऊन आलेला असतो, आणि अशा माणसाच्या मागून चालायचे म्हटले तर आपण पहिल्याच मुक्कामाला परत फिरावे असे वाटते.

मात्र संतांच्या सगळ्याच उणिवा दिलासा देणाऱ्या नसतात. 1546 मध्ये झेवियरने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, मागणी केली. 1560 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, ते गोव्यात आले आणि मधला थोडा काळ सोडल्यास 1812 पर्यंत टिकले. ज्या भूमीवर त्याची झळ लोकांनी सोसली तिथूनच आपण भजने म्हणत चाललो आहोत, याची जाणीव यात्रेकरूला असायला हवी. “तोही माणूसच होता” असे म्हणून ते पत्र मला बाजूला सारता येत नाही. इग्नेशियसचा सुरा म्यानात राहिला. झेवियरच्या पत्राचे मोल दुसऱ्यांनी भरले. तरीही मी चालतो, कारण रोग्यांची सेवा करणारा आणि किनाऱ्यावरच्या गरिबांसाठी अधिकाऱ्यांशी भांडणारा माणूसही तोच होता, आणि त्याच्यापाशी मागणे मागताना त्याचे ते पत्र विसरावे लागते, असे मला वाटत नाही.

मांडवी ओलांडून रायबंदरच्या वाटेने आम्ही जुन्या गोव्याला पोहोचलो तेव्हा झेवियरची समाधी असलेल्या बॉम जेझूस चर्चमध्ये गर्दी होती. फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडवलेल्या समाधीच्या चौथऱ्यावर कांस्याची चार उठावचित्रे आहेत: उपदेश, बाप्तिस्मा, जीव वाचवून पळणे आणि चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरचा मृत्यू. पॅरिसचा महत्त्वाकांक्षी विद्यार्थी त्यांत नाही, मलाक्काचा संतापही नाही. मावशी टाचा उंचावून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आणि ता खेचर खंय आसा?” ते इग्नेशियसचे, असे मी त्यांना पुन्हा सांगितले, आणि आम्ही दोघेही पापनिवेदनाच्या रांगेत जाऊन उभे राहिलो.